ताईची नक्कल

ताईच्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. तळ्याचं पाणी तेव्हा इतकं आटलं होतं की सुट्टीच्या घरासमोरची होडी चिखलात रुतून बसली होती आणि बदकं तिच्यावर दिवसभर ऊन खात बसायची.

ते घर काही त्यांचं नव्हतं. दरवर्षी कामाची धावपळ संपली की तिघं भावंडं ते चार दिवसांसाठी भाड्यानं घ्यायची. थोरली ताई बेकरीत कामाला होती. मधला शिंपी. धाकटी टपाल कचेरीत खिडकीवर बसायची, पण बसणं हे तिच्या अंगातच नव्हतं, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. शिंप्याचं घरातलं नाव नकल्या. ते त्याला आईनं दिलेलं. शाळेतून आल्या आल्या तो मास्तरांसारखा चष्मा कपाळावर चढवून चालून दाखवायचा आणि आई चूल सोडून बघत उभी राहायची.

खेळही आईनंच लावून दिलेला. सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी, जेवणं आटोपली की एकेकानं मधल्या खुर्चीत बसायचं. नकल्यानं समोर उभं राहून त्याची नक्कल करायची. खुर्चीतला हसला तर सगळी भांडी त्यानं घासायची, आणि नाही हसला तर नकल्यानं. भिंगरी तर नकल्या नुसता उभा राहिला तरी फिसकन हसायची. ताई मात्र कधी म्हणून हसली नाही. गुडघ्यांवर हात ठेवून, समोर बघत, दगडासारखी बसायची. बाकीचे हसून हसून लोळत असायचे आणि ही बाई जणू दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलीय. तिच्यापायी नकल्यानं आजवर इतकी भांडी घासली होती की भिंगरी म्हणायची, तुझं दुकान बुडालं तर खानावळीत तुला डोळे झाकून घेतील.

तेव्हा ताईला हसवायचं, हे नकल्याचं वर्षभराचं काम. तो तिच्यावर डोळा ठेवून असायचा. शिंप्याची नजर ती, समोरचा माणूस काय बोलतो याच्या आधी तो कसा उभा आहे हे दिसायचं.

लग्नासाठी ताईनं नवा कोट शिवायला टाकला. माप घेताना नकल्या म्हणाला, सरळ उभी राहा. ताई म्हणाली, सरळच उभी आहे. त्यानं पुन्हा फीत लावली. डावा खांदा चांगला उतरला होता. त्यानं काही न बोलता खडूनं खूण केली आणि त्या बाजूला जाड पॅड घातलं. लग्नाच्या फोटोत ताईचे खांदे एका रेषेत आले. तो फोटो नकल्यानं दुकानात लावला. आपल्या हातच्या कामावर तो खूश होता.

खांदा दिसला तसं बाकीचंही दिसलं होतं. चालताना डावा हात हलत नव्हता. डावं पाऊल जमिनीवरून सुटायला आळस करत होतं. आवाज बारीक झाला होता. आणि स्वस्थ बसली की डाव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरत राहायचा, पिठाची गोळी वळल्यासारखा. जन्मभर बेकरीत गोळे वळले, बोटांना सवय लागली, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. आत कुठेतरी टोचत होतं, अस्तरात टाचणी राहून गेल्यासारखं. पण टाचणी शोधायची तर शिवण उसवावी लागते, आणि दारात लग्न होतं. शिवाय खरं सांगायचं तर त्याच्या मनात दुसराच विचार आला होता. यंदा ताई हसणार.

त्यानं तालीम केली. दुकानात, मोठ्या आरशासमोर. गिऱ्हाइकं यायची त्यांनाही दाखवायचा. लोक पोट धरून हसायचे.

त्या वर्षी सुट्टीच्या शेवटच्या दिवशी ताईनं लेकीला, जावयाला आणि विहीणबाईंना जेवायला बोलावलं होतं. लग्नाच्या गर्दीत नीट बोलणं झालं नव्हतं, म्हणून. विहीणबाई इस्पितळात नर्स होत्या, निवृत्तीला आलेल्या, मोकळ्या स्वभावाच्या. आल्या आल्या बाह्या सावरून भिंगरीबरोबर मासे साफ करायला बसल्या. ताईनं घरून केक करून आणला होता. कापायला मात्र लेकीच्या हातात सुरी दिली. म्हणाली, आता तूच काप, तुझं घर झालं. सगळ्यांना ते फार गोड वाटलं.

जेवणं झाली. भिंगरी खुर्चीत बसली, हसली, हरली. जावयाला बसवलं, तोही हरला. मग ताई उठली, खुर्चीत बसली आणि गुडघ्यांवर हात ठेवले.

नकल्या दाराशी गेला आणि तिथून ताई होऊन चालत आला. डावा खांदा उतरलेला. उजवा हात झुलतोय, डावा अंगाला चिकटलेला. डावं पाऊल फरशीवर घासत येतंय. मेजाशी वळायचं तर एका जागी चारदा पावलं टाकून, जड कपाट सरकवावं तसा वळला. बसला, आणि अंगठा बोटांवर फिरायला लागला. मग ताईच्याच बारीक आवाजात म्हणाला, चहा घेणार का कुणी, आणि तेच पुन्हा, त्याहून बारीक. भिंगरी जमिनीवर बसली हसून हसून. जावई डोळे पुसत होता. लेक म्हणाली, मामा, आई अगदी अशीच करते हो, अगदी अशीच!

ताईचा चेहरा हलला नाही. नकल्यानं जोर केला. आणखी वाकला, आणखी पाय ओढला.

हसणं एका बाजूनं थांबलं. विहीणबाई हसत नव्हत्या. त्या नकल्याकडे बघत होत्या, मग ताईच्या हाताकडे. इतकी वर्षं वॉर्डात काढलेली बाई, तिला राहवलं नाही.

"विहीणबाई," त्या हळू म्हणाल्या, "हे असं कधीपासून होतंय? डॉक्टरांना दाखवलंत?"

नकल्या अजून वाकलेलाच होता. सरळ उभं राहायचं त्याला सुचलं नाही.

"दाखवलंय," ताई म्हणाली. "लग्न ठरायच्या आधीच. लेकीचं कार्य निर्विघ्न होऊ दे म्हटलं, मग सांगू."

लेकीनं तोंडावर हात ठेवला. आत्ताच आपण काय म्हणालो होतो ते तिला आठवलं असावं. जावई खिडकीबाहेर बघायला लागला. ताई आणखी एवढंच म्हणाली की कंपवात आहे, हा आजार जीव घेत नाही, फक्त माणसाला सावकाश करतो, आणि औषध चालू आहे. मग तिनं नकल्याकडे बघितलं.

"मी हसले नाही," ती म्हणाली. "भांडी तुझी."

त्यानं भांडी घासली. इतक्या वर्षांत ते काम त्याला एवढं हवंसं कधी वाटलं नव्हतं. मोरीकडे तोंड करून उभं राहता येत होतं. मागं लेक रडत होती, विहीणबाई तिला काहीतरी समजावत होत्या, आणि तो एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत होता. त्याला दुकानातलं ते एकेक गिऱ्हाईक आठवत होतं. परक्या माणसांना त्यानं बहिणीचा आजार करून दाखवला होता आणि त्यांनी वाहवा केली होती.

ताई फडकं घेऊन आली, बशा पुसायला. बशी तिच्या हातात थरथरत होती. एवढी थरथर कशी नाही दिसली, असं कुणाला म्हणता आलं नसतं. दिसली म्हणून तर नक्कल झाली.

"कोटाचं माप घेताना तुला कळलं होतं," ताई म्हणाली. विचारत नव्हती.

"खांदा दिसला होता."

"मग विचारलं का नाहीस?"

पॅड घातलं, एवढं तो म्हणाला. म्हटल्यावर ते त्याचं त्यालाच ऐकवेना.

ताईनं बशी ठेवली. "हे बघ, आता सगळे माझ्याशी हळू बोलायला लागतील. मला काचेचं भांडं करून फडताळात ठेवतील. तू तसं करू नकोस. पुढच्या वर्षी मला खुर्चीत बसव. जशी असेन तशी कर. वगळलंस तर बघ."

तो बरं म्हणाला. म्हणणं सोपं होतं.

पुढचं वर्ष आलं. तळं भरलं होतं. ताई भिंगरीच्या दंडाला धरून पायऱ्या उतरली. भिंगरी त्या चार दिवसांत ताईसाठी इतक्या वेळा उठली की ताई म्हणाली, अगं, मला चक्कर येते तुझ्याकडे बघून. नकल्या मात्र ताईजवळ बसला नाही. गळ घेऊन सकाळपासून होडीत जायचा आणि रिकाम्या हातानं यायचा. जेवताना तिच्या शेजारची जागा सोडून पलीकडे बसायचा. तिच्या घासाकडे बघायचं नाही, तिच्या हाताकडे बघायचं नाही, असं करता करता तो तिच्या तोंडाकडेही बघेनासा झाला. हे आपण तिच्यासाठी करतोय, असं त्याला वाटायचं.

शेवटच्या संध्याकाळी त्यानं भिंगरीची नक्कल केली. मग घरमालकाची केली, जो तिथं नव्हताच. मग स्वतःचीही केली, गळ टाकून डुलक्या घेणाऱ्या माणसाची. सगळे हसले, जरा जास्तच.

ताई कुणाची मदत न घेता उठली. तिला वेळ लागला. खुर्चीपर्यंत गेली, बसली आणि हात गुडघ्यांवर ठेवले. ठेवले म्हणजे एक ठेवला, आणि दुसरा त्या पहिल्यानं उचलून ठेवला.

नकल्या गळ्याला हात लावून म्हणाला, घसा बसलाय ग ताई. आज राहू दे.

त्याचा आवाज खणखणीत होता. भिंगरीनंही मान खाली घातली. ताई बराच वेळ तशीच बसून राहिली. कुणी तिला ऊठ म्हणेना, आणि तिच्यासमोर उभं राहायलाही कुणी जाईना. शेवटी भिंगरीनंच दिवे लावायचं निमित्त करून तिला आत नेलं. भांडी नकल्यानं घासली, पण या वेळी त्याला हलकं वाटलं नाही.

त्यानंतर तळ्याकाठचं घर सुटलं. ताईला त्या पायऱ्या झेपेनात. नकल्या फोन करायचा, औषधं पोचवायचा, ताईच्या गाऊनला बटणांऐवजी दाबाची बटणं लावून पाठवायचा, भिंगरीच्या हाती. स्वतः गेला तर दारातूनच चौकशी करायचा. दुकानात फार काम आहे, म्हणायचा. दुकानातला तो लग्नाचा फोटो त्यानं काढून खणात ठेवला होता.

नातवाचा पहिला वाढदिवस ताईच्याच घरी केला. फुगे लावले, विहीणबाईंनी केक आणला. पोरगं भिंत धरून चालायला लागलं होतं आणि प्रत्येक पावलाला सगळी मंडळी टाळ्या वाजवत होती. ताई आत, खिडकीजवळच्या खुर्चीत होती. नकल्या बाहेरच रेंगाळत होता. भिंगरीनं ते पाहिलं. केकची बशी तिनं त्याच्या हातात कोंबली. म्हणाली, ताईला तू भरवायचास. मी आज कुणाचं काही करणार नाही. आणि त्याला आत ढकलून दार ओढून घेतलं.

तो आत गेला. दुपारचं ऊन ताईच्या मांडीवर पडलं होतं. ताई त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं बशी खाली ठेवली. मग त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. दाराशी गेला आणि ताई होऊन चालत आला. खांदा उतरवला. उजवा हात झुलवला, डावा अंगाशी धरला. डावं पाऊल घासलं. खिडकीपाशी तसाच वळला, आणि अंगठा बोटांवर फिरवला.

ताईचा चेहरा हलला नाही. आता तो हलतच नव्हता, तेव्हा ती हसली की काय ते कळायला मार्ग नव्हता. तिचे ओठ हलले. त्यानं कान जवळ नेला.

"ही मी नाही," ताई म्हणाली. शब्दाशब्दाला दम घेत होती. "ही लग्नातली. आता दोन्ही पाय ओढतात. बोटं फिरत नाहीत. तू बघितलंस कुठे?"

नकल्या तिथंच उभा राहिला. ज्याला माणसाचं उठणं-बसणं एका नजरेत कळायचं, त्यानं जुन्या मापावर कोट कापून आणला होता. सबंध गावात त्याच्याइतकं बारीक बघणारं कुणी नव्हतं, आणि सख्ख्या बहिणीकडे त्यानं दोन वर्षं बघितलं नव्हतं. त्याआधी हसवण्यासाठी बघितलं होतं, तेवढंच.

"बस," ताई म्हणाली. "बघ आता."

तो समोर स्टुलावर बसला. बघणं त्याला जड जात होतं. नजर सारखी खाली जात होती, आणि खाली गेली की तिचे हात दिसायचे, मांडीवर पडलेले, मिटलेले. त्यानं ते पाहिले. मग मान, ती एका बाजूला कलली होती. मग हनुवटी. ती ओली झाली होती, ती त्यानं आपल्या रुमालानं पुसली. केक भरवायला किती वेळ लागला, याचा त्याला अंदाज नाही. बाहेर पोरगं पडलं, रडलं, पुन्हा उठलं, टाळ्या वाजल्या.

भांडी खूप झाली होती. ती नकल्यानं घासली.

त्याच महिन्यात ताईच्या छातीत कफ झाला. नातवाच्या वाढदिवसानंतर तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, ताई इस्पितळात वारली.