वास थांबला तर

"वास आला तर खुशाल नाक मुरड, पण वास थांबला तर फोन कर," निघताना नवऱ्याने बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. लेक माझ्या कडेवर, दारात त्याची बॅग, आणि हा पठ्ठ्या गटाराच्या गोष्टी करतोय!

आमच्या क्वार्टरमागे कारखान्याची भिंत, भिंतीपलीकडे एक उंच पाइप. कारखान्यातलं गरम, घाण पाणी जमिनीखालच्या बंद गटारातून जातं आणि त्याची वाफ त्या पाइपातून वर सुटते. असे पाइप मोकळे ठेवणं हेच नवऱ्याचं काम. घरी यायचा तेव्हा शर्टाला तोच कुबट वास. मी त्याला आधी बाथरूममध्ये पिटाळायचे. आता त्याची बदली लांबच्या कारखान्यात झालीय, आणि वारा इकडे फिरला की मी खिडकीशी जाऊन उभी राहते. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

परवा लंगोट वाळत घालताना जाणवलं, वारा इकडचाच आहे आणि वास नाही. म्हटलं, चला, हाही गेला. मग त्याचं बोलणं आठवलं. फोन लावला.

"पाइपाचं तोंड दिसतंय का बघ."

"वर निळं काहीतरी बांधलंय."

"गेटवर पळ. काकांना सांग, गरम पाणी सोडू नका!"

काका म्हणजे त्याच्या जागी आलेले मुकादम. लेकीला घेऊन धावले. पहारेकऱ्याने आतला फोन जोडून दिला.

"काका, पाणी सोडलंत?"

"सोडतोच आहे. का गं सूनबाई?"

"थांबा! पाइप वरून बांधलाय!"

रंगाऱ्यांनी पाइप रंगवताना रंग आत जाऊ नये म्हणून प्लास्टिक बांधलं होतं, सोडायचं विसरले. वाफेला वाटच नव्हती. पाणी सोडलं असतं तर गटाराच्या चेंबरचं झाकण उडालं असतं, आणि झाकणाशी दोन माणसं उभी होती.

"नाकाचा विमा काढ, सूनबाई," काका म्हणाले.

संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं, "तिकडे वास कोण घेतं रे?"

"इथे वस्ती लांब आहे. आमचं आम्हीच."

वास परत आलाय. तो नाही आला.

तुमच्या गावाबाहेर असा कारखाना असेल, तर गेटवर एकदा विचाराल? बदलून आलेला, उंच, व्हॉल्व्ह फिरवण्याआधी मान वर करून पाइप बघणारा कुणी आहे का? असला, तर बरा आहे ना, तेवढं बघून या. आणि जाता जाता पाइपाकडेही बघा.