लाल पोटाचं नाणं

माझ्या सासूबाईंच्या मते त्यांचा मुलगा लग्नाच्या दिवसापर्यंत अगदी निर्दोष होता. वस्तू हरवणं, सांगितलेलं विसरणं, समोर बसून न ऐकणं, हे सगळं म्हणे नंतर सुरू झालं. नंतर म्हणजे कधी, ते त्या सांगत नाहीत, नुसतं माझ्याकडे बघतात. चौदा वर्षं मी हे बघणं सोसतेय. एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून मला ऐकायचं होतं की ऊर्मिला, ह्यात तुझा दोष नाही. बाकी मला त्या माउलीकडून काही नको होतं.

यंदा आई, म्हणजे सासूबाई, तीन महिने आमच्याकडे जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आल्या आणि नेमकं तेव्हाच हृषिकेशला नाण्यांचं वेड लागलं. माझा नवरा गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. दरवाजावर केसाएवढा ओरखडा दिसला तर अख्खा दरवाजा परत पाठवतो. घरी आला की मात्र सगळी ओरखडलेली नाणी भिंगाखाली घेऊन बसायचा. टांकसाळीत छापतानाच चुकलेलं नाणं म्हणजे घबाड, आणि नंतर कुणी ठोकलेलं, घासलेलं म्हणजे नुसतं खराब नाणं, एवढं त्याला व्हिडिओ बघून पाठ झालं होतं. समोरचं नाणं त्यातलं कोणतं, हे काही केल्या कळत नव्हतं. प्रत्येक नाणं त्याला घबाडच वाटायचं.

संकष्टीला आईंनी मोदक लावले. मोदकपात्राच्या पाण्यात त्या दोन गोष्टी टाकतात. भांडं काळं पडू नये म्हणून लिंबाची सालं, आणि एक नाणं. पाणी उकळतंय तोवर नाणं तळाशी खडखडत राहतं, आवाज थांबला की पाणी संपलं असं समजायचं. त्या आंघोळीला गेल्या, मला आमच्या लेकीला, अन्वीला, पोहण्याच्या क्लासहून आणायचं होतं, म्हणून शेगडीपाशी हृषिकेशला बसवलं. परत येते तो घरभर धूर, मोदक करपलेले आणि भांड्याचा तळ काळाठिक्कर. हृषिकेश म्हणाला, मी लक्ष देऊनच बसलो होतो, पण पाणी एका मिनिटात आटलं, उठेपर्यंत हे असं झालं. आईंनी लगेच निकाल दिला की मी शेगडी मोठी ठेवून गेले. मोठी कसली, मी हातसुद्धा लावला नव्हता. पण सणाच्या दिवशी कुठे वाद घालायचा, म्हणून दात-ओठ खात भांडं घासलं.

पंधरा दिवसांनी हृषिकेश दाराजवळच्या चिल्लरच्या वाटीतून एक नाणं उचलून ओरडतच उठला. दोन युरोचं नाणं, आणि मधलं सोनेरी पोट चक्क तांब्यासारखं लाल. चुकीच्या धातूवर छापलंय म्हणाला. लगेच प्लॅस्टिकच्या डबीत बंद, कुणी हात लावायचा नाही. फोटो काढले, आठ पानांचा रिपोर्ट लिहिला. अन्वी नऊ वर्षांची आहे. तिने डबीत डोकावून "दास इस्ट डोख कापुट", म्हणजे हे तर मोडकंय, असं जर्मनमध्ये म्हटलं आणि गृहपाठाला गेली. मोडकं ते मोडकं, हे त्या पोरीला कळलं. मी म्हटलं, धुण्यात वगैरे गेलं असेल. तर मला म्हणे त्यातलं काही कळत नाही. आईंनी चष्म्याशिवाय लांबूनच डबी बघितली आणि मान डोलावली, म्हणजे मला कळत नाही ह्याला.

शनिवारी आम्ही सगळे कोलोनला गेलो. आईंना डॉम, म्हणजे तिथलं जुनं प्रचंड चर्च, बघायचं होतं, आमच्या साहेबांना नाण्यांचं जुनं दुकान. दुकानदार म्हातारे गृहस्थ. त्यांनी भिंगातून अर्धा मिनिट पाहिलं आणि नाणं खाली ठेवलं. म्हणाले, आम्ही पहिला प्रश्न एकच विचारतो, जे झालं ते टांकसाळीतून निघायच्या आधी झालं की नंतर? ह्याचं वजन बरोबर, कड बरोबर, म्हणजे धातूही बरोबर. लाली नुसती वरवरची आहे. आंबट काहीतरी लागलंय आणि वर भाजलंय. मग फार अदबीने विचारलं, की हे कुणी शिजवलं होतं का?

हृषिकेशने रिपोर्टचं चौथं पान उघडलं. मी आईंना सगळं मराठीत सांगत होते. शिजवलं म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावला, काउंटरवरून नाणं सरळ उचललं, आणि म्हणाल्या हे तर माझं मोदकपात्रातलं. त्यांनीच घासून वाटीत टाकलं होतं. मी दुकानदारांना मोदकपात्र समजावलं, आणि हृषिकेशचं ते एका मिनिटाचं म्हणणंही सांगितलं. हो, हो, म्हणाले, पण भांडं एखादं मिनिटच कोरडं राहिलं असेल तर असं होत नाही, हे चांगलं अर्धा तास कोरडं तापलंय. हे वाक्य मी आईंना सावकाश सांगितलं. दोनदा सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

आई मुलाकडे वळल्या. "हृषी, नाणं वाजायचं थांबलं तेव्हा तू कुठे होतास?"

"तिथेच होतो." मग रिपोर्ट मिटत, "हेडफोन होते कानात. नाण्यांचा व्हिडिओ बघत होतो."

आईंनी नाणं काउंटरवर ठेवलं.

"सातवीत होतास. दुधाकडे बघ म्हणून बसवलं होतं. समोर बसून पातेलं जाळलंस आणि म्हणालास, सुकन्याताईने गॅस मोठा केला. मी तिला मारलं." मग माझा हात धरला. "ऊर्मिला, ह्याला नंतर काही झालेलं नाही गं. हा टांकसाळीतूनच असा आलाय."

हसावं की रडावं मला कळेना. मी दोन्ही केलं, परक्या माणसाच्या दुकानात. दुकानदारांनी विचारलं, बाई काय म्हणाल्या? मी सांगितलं. त्यांनी हृषिकेशला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, तसं असेल तर सांभाळून ठेवा, असे नग सहसा सापडत नाहीत. हे ऐकून आमचे साहेब जरा खूशच झाले.

बाहेर आलो तर डॉमकडे आईंचं लक्षच नव्हतं. पायऱ्यांवर बसून त्या पुण्याला सुकन्याला फोन लावत होत्या.