चाळीसचा कोट

मी कोट. सन एकोणीसशे एकसष्ट, हिवाळा तोंडावर आलेला, तेव्हा मला शिवलं. राखाडी लोकर, भेसळ नाही. काजं हाताने केलेली. शिंप्याने माप तीनदा घेतलं आणि कापड एकदाच कापलं. बढाई मारायची मला सवय नाही, पण खरं सांगायला लाजही नाही.

माझा पहिला मालक विजेचे मीटर वाचत घरोघर फिरायचा. अवजारांची पिशवी कायम उजव्या खांद्यावर. अठ्ठावीस हिवाळे त्याने मला घातलं. माझा उजवा खांदा आजही डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. माणूस गेला, ओझं गेलं, खांदा मात्र वर आला नाही.

पाचव्या हिवाळ्यात शेगडीतला निखारा उडाला आणि माझ्या डाव्या छातीवर बटणाएवढं भोक पडलं. मालकाने मला एका रफूगाराकडे नेलं. म्हातारा खोकत होता. दोऱ्याला मेण लावायची त्याला सवय होती, सगळ्या खोलीला मेणाचा वास. त्याने माझ्याच खालच्या दुमडीतून धागे काढले आणि त्या भोकात उभे-आडवे विणले. दोन दिवस लागले. मग मला खिडकीशी धरून मालकाला म्हणाला, "भोक दाखव. सापडलं तर पैसे घेऊन जा."

मालकाने उन्हात पाव तास शोधलं. सापडलं नाही. मुकाट्याने पैसे दिले.

जिथून धागे काढले तिथे, दुमडीच्या आत, म्हाताऱ्याने एक बारीक फुली टाचली. प्रत्येक कामावर टाचायचा. त्याला सही येत नव्हती, फुली येत होती.

मालक वारला. त्याच्या बायकोने मला काही वर्षं पेटीत ठेवलं, मग एके दिवशी दानाच्या दुकानात दिलं. लोक जुन्या वस्तू तिथे फुकट देतात. दुकान त्या विकतं आणि पैसा गरिबांच्या दवाखान्याला जातो.

तिथे आम्ही एका दांडीवर टांगलेलो. बहुतेक सगळे मेलेल्यांचे. शेजारच्या झग्याची कंबर अजून कुणाच्या तरी हाताची वाट बघत होती. पलीकडच्या सदऱ्याचे कोपर वाकलेलेच राहिले होते, जणू आत कुणी जेवायला बसलंय. गिऱ्हाईक आलं की आधी आमच्या खिशात हात घालायचं. मेलेल्याचं काही राहिलंय का बघायचं, आणि मग भाव विचारायचं.

भाव लावणारी बाई पूर्वी नर्स होती. कपडा रोग्यासारखा तपासायची. काख हुंगायची, शिवण ताणायची, उजेडाकडे धरायची. तिचा नेम होता: दोष आधी सांगायचा, भाव नंतर. तिच्या नजरेतून सुटलेला दोष गिऱ्हाइकाने दाखवला तर किंमत निम्मी. पण त्याचा शब्द चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी आतल्या खिशाला टाचायची. कपडा उद्या परत आलाच, तर पुढच्याची फसवणूक नको.

माझ्या चिठ्ठीवर तिने लिहिलं: चाळीस. दोष नाही.

घासाघीस रोज चालायची. एकजण म्हणाली, "तुम्हाला फुकट आलं ना? मग एवढे कसले?"

"फुकट आलं, पण फुकट टिकलं नाही," बाई म्हणाली.

दुसरा हसत म्हणाला, "धर्माची गाय, दात कशाला मोजायचे!"

"इथे गाय विकतची आहे. खुशाल मोजा."

सन त्र्याण्णवच्या हिवाळ्यात एक पन्नाशीचा माणूस आला. त्याच्या अंगात पातळ सदरा होता. त्याने मला अंगात घातलं आणि खिशातले पैसे माझ्या खिशात टाकून मोजले. पंचवीस होते.

"चाळीस जास्त होतात. वीस देतो."

"दवाखान्याच्या औषधातले वीस कमी करू का?" बाई म्हणाली.

तो मला काढायला लागला. काढताना त्याची बोटं माझ्या डाव्या छातीवरून फिरली आणि थांबली. बाईला जे दिसलं नव्हतं ते त्याच्या बोटांना लागलं. त्याने माझी खालची दुमड उलटली. फुली बघितली. तो दचकला. वाटेत बाप भेटावा, आणि बाप तर कधीच गेलेला, तसा.

खोकणाऱ्या म्हाताऱ्याचा तो मुलगा. त्याच्याच हाताखाली शिकलेला.

मला वाटलं आता हा काही बोलेल. तो बोलला.

"बाई, इथे जळलेलं आहे."

बाईने चष्मा लावला, मला खिडकीशी नेलं. "मला नाही दिसत."

"दुमडीतले धागे काढलेत बघा. रफू आहे. हात कच्चा आहे. दोन हिवाळ्यांत उसवेल."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"मी रफूगार आहे."

मग बाईने जुनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली: रफू. हात कच्चा. वीस. आणि माझ्या आतल्या खिशाला टाचली. त्याने वीस मोजले आणि मला घालूनच घरी गेला.

त्या दिवसापासून म्हातारा यायला लागला. दिसला नाही. पण माझ्या डाव्या छातीवर त्याची बोटं फिरायची. मला ती ओळखीची होती. दिवसाउजेडी, सुई चालू असताना, जिन्यात, बाजारात ती बोटं यायची, ती जागा चाचपायची, धाग्याला धागा लागलाय का बघायची. कच्चं कुठे राहिलं ते शोधत. सापडायचं नाही, तरी पुन्हा यायची.

नव्या मालकालाही कळत असावं. त्याचा हात सारखा तिथे जायचा.

एकदा बायको म्हणाली, "हा कोट घातला की तुम्ही मामंजींसारखे खोकता."

"थंडी आहे."

"थंडी कोट नव्हता तेव्हाही होती. आणि मेणाचा वास कुठून येतो हो? तुम्ही तर मेण लावतच नाही."

त्याचा हात माझ्या डाव्या छातीवर गेला.

काम झालं की तोही बापासारखा कपडा खिडकीशी धरायचा. "भोक दाखवा" हे बोलणं बापाकडूनच आलेलं. आता ते तो टाळायला लागला. एका गिऱ्हाइकाने न सांगताच भोक शोधलं, बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय?" त्याने पैसे परत केले. जन्मात पहिल्यांदा. त्या दिवशी घरी येऊन त्याने माझ्या आतल्या खिशातली चिठ्ठी वाचली. वाचायला त्याला वेळ लागतो. चार शब्दांना त्याने बराच वेळ लावला. मग जशी होती तशी ठेवली.

एक हिवाळा गेला. दुसरा गेला. रफूचा एक धागा हलला नाही. आजूबाजूची लोकर झिजली, ती जागा तशीच.

तिसऱ्या हिवाळ्याच्या पहिल्या थंडीत तो मला घालून दानाच्या दुकानात गेला. बाई थकली होती, पण तिने आधी मला ओळखलं, मग त्याला.

"उसवलं का?"

"नाही."

"मग?"

त्याने चिठ्ठी काढून तिच्यासमोर ठेवली. वर राहिलेले वीस ठेवले.

"ते हाताचं लिहिलंय ते खोडा."

बाईने पेन्सिल घेतली आणि खोडलं. मग चष्म्यावरून बघितलं. "कुणाचा हात होता?"

"बापाचा."

माझ्या छातीवरची बोटं थांबली.

बाईने वीस पेटीत टाकले.