एका सिनेमापायी रस्त्यावर आलेला सोफा

मी एक जुना सोफा आहे, मित्रांनो, आणि एका सिनेमापायी मला एकदा रस्त्यावर यावे लागले. तसा मी कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

सुताराने माझा सांगाडा जोडला. गादीवाल्याने स्प्रिंगा बसवल्या, काथ्या आणि फोम घातला, वर हिरवे मखमली कापड ताणून ठोकले आणि स्वतःच बसून उसळून पाहिले. "बसणारा उठायचं नाव घेणार नाही," तो म्हणाला. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस खूश होतो.

शेजाऱ्यांकडे नवा सोफा आला म्हणून मालकांनी मला हप्त्यांवर आणले. वर्षभर माझ्यावरचे प्लास्टिकच काढले नाही. पाहुणे घामाने चिकटत, उठताना चर्र आवाज होई, पण कापड जपले जाई. घरात माझी भावंडे पुष्कळ होती. व्यायामाच्या यंत्रावर कपडे वाळत, रस काढायचे यंत्र एकदाच वापरून माळ्यावर गेले, आणि माझ्यासमोर भिंतभर टीव्ही.

मग मालकांची आई वारली आणि बाबा राहायला आले. आयुष्यभर बस चालवलेले बाबा माझ्या अगदी कडेला ताठ बसत. प्लास्टिक निघाले ते त्यांच्यामुळे, कारण रात्री ते माझ्यावर झोपत. पहाटे उठून ते चादरीची चौकोनी घडी करत, उशी कपाटामागे सारत आणि माझ्यावर हात फिरवून सुरकुत्या मोडत. आपली कोणाला अडचण होऊ नये, एवढीच त्यांची धडपड. ती त्यांना इतकी साधली की बाबा कुठे झोपतात हे मालकांच्या ध्यानातही राहिले नाही. संध्याकाळी बापलेक माझ्यावर शेजारी बसत आणि दोघेही टीव्हीकडे बघत. आईबद्दल एक अक्षर नाही. मला त्यांचे वजन जड नव्हते, ते गप्प बसणे जड वाटायचे.

त्या टीव्हीवर मालक एकच सिनेमा पुन्हा पुन्हा लावत. थिएटरात तो आठवडाभरही टिकला नव्हता म्हणे, पण पुढे त्याला असे भक्त मिळाले की त्यांना संवाद तोंडपाठ. त्यात चांगल्या नोकरीतला एक माणूस घरभर वस्तू जमवतो आणि एक दिवस त्याला स्वतःचे घर दुकानासारखे दिसू लागते. मग तो सगळे खिडकीतून फेकतो, उघड्या अंगाने उन्हात फिरतो, रडणाऱ्या पुरुषांची टर उडवतो. मालकांचे ऑफिसातले मित्र रविवारी जमून छाती फुगवत हे बघत, आणि उठताना त्याच हिरोच्या चित्राचे टी-शर्ट मागवत. मला भारी हसू यायचे.

अशाच एका रविवारी मित्र गेले आणि मालकांना स्फुरण चढले. मालकीणबाई बाजारात, बाबा फिरायला गेलेले. "आता बास. साधं राहायचं," असे म्हणत त्यांनी वॉचमनच्या मदतीने मला जिन्यावरून ओढत नेले आणि कचरापेटीपाशी ठेवले. टीव्ही मात्र जागच्या जागी राहिला, ते सोडा. मग साहेब समाधानाने आंघोळीला गेले.

थोड्या वेळाने बाबा परतले. मला पाहून थबकले. वर गेले आणि आपली जुनी पिशवी भरून खाली आले. माझ्यावर बसून ते रिक्षाची वाट बघू लागले. मी पुरता घाबरलो, मित्रांनो.

इतक्यात मालकीणबाई भाजी घेऊन आल्या. "बाबा, इथे का बसलात? आणि ही पिशवी कसली?"

"काही नाही गं. धाकट्या लेकीकडे जाऊन राहीन म्हणतो. त्याला तोंडावर सांगणं जमलं नसेल, पहिल्यापासून भिडस्त आहे तो. सोफा खाली दिसला, मी समजलो."

बाईंनी फोन करून मालकांना खाली बोलावले. ते ओल्या केसांनी आले.

"बाबा कुठे झोपतात रे?" बाईंनी विचारले.

मालकांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांच्या ध्यानात आले.

बाई पुढे म्हणाल्या, "तुझा हिरो शेवटी रिकाम्या घरात बसून हंबरडा फोडतो. तेवढंच तू बघत नाहीस, दर वेळी पाणी प्यायला उठतोस. अरे, त्याच्यासारखं होऊ नये म्हणून काढलाय तो सिनेमा."

मालक बाबांशेजारी बसले. पिशवीवर हात ठेवला. मग म्हणाले, "बाबा, तुम्ही कुठेही जायचं नाही. मला आईची फार आठवण येते." आणि भर रस्त्यात ते रडू लागले, नाक ओढत, लहान मुलासारखे. बाबांना काय करावे सुचेना. त्यांनी पिशवीतली घडीची चादर काढून लेकापुढे धरली. "पूस. मलाही येते रे," ते म्हणाले. येणारेजाणारे बघत होते. बघोत बापडे.

तिघांनी मिळून मला वर नेले. जिन्याच्या वळणावर माझा एक पाय मोडला, तिथे आता वीट आहे. व्यायामाचे यंत्र गेले आणि त्या जागी बाबांचा पलंग आला. कापड विटले, स्प्रिंगा कुरकुरतात, माझ्याकडे हल्ली फारसे कोणी बघत नाही. वाईट वाटते, खोटे कशाला सांगू?

मित्रांनो, कधीतरी मला टाकावेच लागेल. खुशाल टाका. पसारा वाढवण्यात शहाणपण नाही, हे त्या सिनेमाचे खरेच आहे. फक्त घरातली कोणतीही जुनी वस्तू उचलण्याआधी एवढे बघा, की रात्री तिच्यावर कोण झोपते.