खिसा डावीकडे असतो

अक्काची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार होती, आणि चुलत भावासाठी तर ती खास परजून ठेवलेली असे.

घराण्याचं पुस्तक काढायचं तिने मनावर घेतलं होतं. ट्रंकांमधले फोटो आणि वर्तमानपत्रांची कात्रणं तिने शिवणकामाच्या टेबलावर पसरली होती. पुस्तकात सगळ्यांना जागा होती, घरातून पळून गेलेल्या आत्यालासुद्धा. जागा नव्हती ती थोरल्या काकांना. "फितुराला पान नाही," असं तिने काकांच्या मुलाला तोंडावर सांगितलं, आणि वर पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुरावा दुकानाच्या भिंतीवरच होता. उंचावर, काचेआड, पिवळं पडलेलं कात्रण. कारखान्याचा संप, बंद फाटक, आणि फाटकाशी दोघे भाऊ. एक मालकाच्या गाड्यांसाठी कडी काढतोय, दुसरा हात पसरून गाड्या अडवतोय. टोप्या कपाळावर ओढलेल्या, अंगलट सारखी, चेहऱ्यांच्या जागी शाईचे डाग. खाली छापलं होतं, 'डावीकडून थोरला, धाकटा'. कडी काढणारा डावीकडे होता. त्या रेटारेटीत कोणी काय पाहिलं ते कोणालाच धड सांगता येईना, म्हणून वर्तमानपत्राने सांगितलं तेच लोकांनी पाहिलं असं ठरलं. संप मोडला. थोरल्या काकांना लोकांनी रस्त्यात गाठून बदडलं. धाकट्याला, म्हणजे अक्काच्या वडिलांना, लोकांनी वर्गणी काढून हे शिंपीकामाचं दुकान उघडून दिलं. थोरले काका मरेपर्यंत म्हणत राहिले की कडी मी काढली नाही. कोण ऐकतंय?

आता काकू अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि नवऱ्याच्या नावावरचा तो डाग पुसलेला बघून मगच डोळे मिटायचे असा त्यांनी हट्ट धरला होता. त्यांच्या मुलाने खेटे घालून शोध लावला की ते वर्तमानपत्र बंद पडल्यावर त्याच्या फोटोंची खोकी ग्रंथालयात आली आहेत. मूळ फोटो सापडल्याचं कळलं, तेव्हा त्याने अक्काला निरोप धाडला. अक्का लगेच निघाली. एकदाचं त्याचं तोंड बंद करायचं होतं तिला.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत तो आधीच येऊन बसला होता. लहानपणी 'अक्का, तू' म्हणणारा हा, आता 'तुम्ही' म्हणू लागला होता. ते 'तुम्ही' तिला शिवीसारखं लागलं. ग्रंथपालबाईंनी फोटो टेबलावर ठेवला आणि शेजारी त्या दिवसाचा अंक उघडून ठेवला. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने तीच ओळ होती, 'डावीकडून थोरला, धाकटा'. फोटो मात्र वेगळाच होता. अडवणारा डावीकडे होता. कडी काढणारा उजवीकडे.

अक्का उसळलीच. हा फोटो उलटा काढलाय म्हणाली, कोणीतरी मुद्दाम केलंय म्हणाली, आणि 'कोणीतरी' म्हणताना तिने चुलत भावाकडे असं पाहिलं की बाईंनी खुर्ची मागे सरकवली. बाई म्हणाल्या, दोन्हींतलं एक उलटं आहे हे खरं, छापताना निगेटिव्ह उलटी लागली की असं होतं, पण कोणतं उलटं ते टोप्यांच्या सावलीत बुडालेल्या चेहऱ्यांवरून कळायचं नाही.

"कपड्यांवरून कळेल," अक्का चुलत भावाला म्हणाली. "कपडे खोटं बोलत नाहीत. आण ते भिंग, आत्ता दाखवते."

उभा जन्म तिने सदरे बेतले होते. शिकायला येणाऱ्या पोरींना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकायला लावी: पुरुषाच्या सदऱ्याचा खिसा घालणाऱ्याच्या डावीकडे, बटणांची डावी पट्टी उजवीवर. चुकलं की डोक्यात टपली. तिने भिंग अडवणाऱ्या माणसाच्या छातीवर धरलं. फोटो स्वच्छ होता, टाकेसुद्धा मोजता आले असते. खिसा डावीकडे होता. डावी पट्टी उजवीवर होती. तिने भिंग दुसऱ्या भावावर नेलं, मग मागे जमलेल्या कामगारांवर. सगळे खिसे डावीकडे. मग तिने अंकातल्या छपाईवर भिंग धरलं. शाईच्या डागांत खिसे होते, पण सगळे उजवीकडे. उलटं होतं ते छापलेलंच.

तिने भिंग खाली ठेवलं. चुलत भावाने शांतपणे विचारलं, "काय म्हणतात कपडे?"

तिला वडील आठवले, कडी काढणारे ते. ते कात्रण त्यांनी स्वतः कापलं होतं, स्वतः चौकटीत बसवलं होतं, आणि दर आठवड्याला स्वतः काच पुसायचे. फाटकाशी आपण काय केलं हे त्यांना सांगायला कुठल्या वर्तमानपत्राची गरज नव्हती. तरीही पुसायचे. वडिलांची तिला आधी लाज वाटली, मग संताप आला, आणि तो संताप काढायला समोर कोणीच नव्हतं.

ती दुकानात आली, स्टुलावर चढली. समोरच्या भिंतीला गिऱ्हाइकांसाठी उभा आरसा होता. त्यात ती चौकट दिसत होती, आणि त्यात काका आपल्या जागी, डावीकडे, हात पसरून उभे होते. इतकी वर्षं त्याच आरशासमोर ती लोकांच्या सदऱ्यांचे खांदे बघत आली होती. तिने चौकट उतरवली आणि तशीच काखेत मारून काकूंच्या दारात जाऊन उभी राहिली.

चुलत भावाने दार अर्धवटच उघडलं. माझंच चुकलं, काकूंना भेटू दे, पुस्तकाचं पहिलं पान काकांचं करते, असं ती एका दमात बोलायला लागली. त्याने हात वर केला.

"आईला मी सांगितलंय. फोटोची प्रत छातीशी धरून पडलीय ती. तुम्ही माफी मागू नका. तुम्ही मागितलीत तर तिला माफ करावं लागेल, आणि या वयात तिला आणखी कष्ट नकोत."

आतून काकूंचा क्षीण आवाज आला, "कोण आलंय रे?"

तो अक्काच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "कोणी नाही, आई. पत्ता चुकलाय त्यांचा."

आणि त्याने आतून कडी घातली.