कूलरवाल्याची मे महिन्यातली सैर

कूलरवाला मे महिन्यात दुकान बंद ठेवून फिरायला जातो, असं कधी कुणी ऐकलंय का? आबेदानं तरी नव्हतं ऐकलं. तिचा नवरा नवाब शहागंजात कूलर बनवायचा, विकायचा, दुरुस्तही करायचा. होळी झाली की त्याच्या जेवणाखाण्याचा पत्ता नसायचा तो थेट मृग लागेपर्यंत. एकदा मे महिन्यातच आबेदाच्या सख्ख्या भावाचं पाचोडला लग्न होतं, तर हा बाबा निकाहाच्या वेळेला पोचला आणि बिर्याणीचा हात धुऊन लगेच परत निघाला. नव्या शेरवानीला कूलरच्या गवताच्या काड्या तशाच चिकटलेल्या. आणि असला माणूस एका सकाळी चहा पिता पिता म्हणतो काय, "या मे महिन्यात आपण सगळे कोकणात जाऊ. रत्नागिरीला. पोरांनी समुद्र कुठं बघितलाय."

आबेदानं बशी खाली ठेवली. "आणि दुकान?"

"दुकानाचं काय, ते कुठं पळून जातंय."

तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली.

बरं, नवऱ्याच्या डोक्यात ऊन गेलं असं एक वेळ धरू. पण पोरांचं काय? वासिफ दहावीत गेलेला, नानीकडं पाचोडला चल म्हटलं तरी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करणारा. मुबश्शिरानं नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली. या दोघांचं एकमेकांशी कधी पटलेलं आबेदाला आठवत नव्हतं. एकाला अंडी हवी असली की दुसरीला खिचडी हवी असायची. आणि आज दोघं एका सुरात म्हणाली, "चालेल अब्बू." वासिफनं तर एवढ्या लांब साध्या बसनं जायचंही कबूल केलं. घरात वयात आलेली दोन पोरं भांडण न करता एका गोष्टीला हो म्हणतात तेव्हा कुठंतरी पाणी मुरत असतं, हे काय आईला सांगायला लागतं?

पुढचे काही दिवस तिनं डोळे आणि कान उघडे ठेवले. घरात बेत शिजत होता आणि ती आली की बोलणं थांबत होतं. वासिफ मोबाइलवर खोल्या बघायचा. आबेदा म्हणाली, "समुद्राला लागूनच घे रे, खिडकीतनं दिसला पाहिजे." तर म्हणतो, "नको अम्मी, गावातच घेऊ, तिकडनं सगळं जवळ पडतं." आता समुद्र बघायला जायचं आणि समुद्रापासून लांब राहायचं, हा कुठला शहाणपणा? नवाबनं एका शुक्रवारी नमाजहून येताना मुबश्शिरासाठी ड्रेसचं कापड आणलं. चांगल्यातलं. जो माणूस कोथिंबिरीच्या जुडीसाठी गाडीवाल्याशी घासाघीस करतो, त्यानं ते न मागता आणलं आणि वर म्हणाला, "तिकडं जरा नीटनेटकं दिसलं पाहिजे."

"तिकडं कोण बसलंय बघायला?" आबेदानं विचारलं.

"तसं नाही गं," म्हणून तो बाहेर गेला.

मग एके दुपारी ती गच्चीवर पापड वाळत घालत होती आणि नवाब खाली जिन्यात फोनवर बोलत होता. "जी, जी. मुलीला घेऊनच येतोय. राहायची जागा कशी आहे, आजूबाजूची माणसं कशी आहेत, सगळं डोळ्यांनी बघू आणि मग पक्कं करू. नाही, तिच्या अम्मीला अजून काही बोललो नाही."

आबेदाच्या हातातला ओला पापड फाटला.

आता तिला का एवढं लागलं, ते सांगायला पाहिजे. आबेदा पाचोडची. घरात दखनी बोलायचे, पण शेजारपाजार, शाळा, बाजार सगळा मराठी, त्यामुळं राग आला की ती अजूनही पाचोडच्या मराठीत उतरायची. बारावी झाल्यावर तिला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. त्या उन्हाळ्यात तिचे अब्बा म्हणाले, "चल, तुला शहर दाखवतो." ती नवा दुपट्टा घेऊन हौसेनं निघाली. मकबऱ्याच्या हिरवळीवर एक बाई डबा सोडून बसली होती आणि तिच्या शेजारी एक काळासावळा पोरगा उगाच कारंज्याकडं बघत होता. ती नवाबची आई आणि तो नवाब. आबेदाला आपण सैरीला आलोय असं वाटत होतं, आणि तिथं तिची पसंती चालली होती. पाऊस सुरू व्हायच्या आधी निकाह झाला. डी.एड. राहिलं ते राहिलंच.

नवाबला ही गोष्ट लई आवडायची. कुणीही पाहुणा आला की सुरू. "हिला पत्ताच नव्हता, बरं का! ही आपली मिनार मोजत होती." पोरांना ती तोंडपाठ होती. पाहुणे हसायचे, आबेदाही हसायची. पाहुण्यांसमोर दुसरं काय करणार? नवरा चांगला निघाला होता, त्यात शंका नाही. पण त्या दिवशी आपल्याला कुणी काही विचारलं नव्हतं, हे तिच्या आत काट्यासारखं रुतून होतं आणि आजवर तिनं ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

आता तोच खेळ तिच्या पोरीशी. फक्त मकबऱ्याच्या जागी समुद्र.

खात्री करून घ्यावी म्हणून तिनं संध्याकाळी सगळ्यांसमोर खडा टाकला. "मी काय म्हणते, मुबश्शिराला नानीकडं ठेवू. नानीचे गुडघे दुखतात. आपण तिघं जाऊन येऊ."

वासिफला ठसका लागला. मुबश्शिराचं तोंड उतरलं. नवाब पटकन म्हणाला, "तिच्याशिवाय जाऊन काय करायचं?"

झालं. आणखी काय पुरावा पाहिजे?

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन ती स्वतःच शहागंजात गेली. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. नवाब दुकानात मांडी घालून जाळीत गवत भरत होता आणि एक गिऱ्हाईक पंख्याचा आवाज ऐकत उभं होतं. ते जाईपर्यंत आबेदा गप्प राहिली. मग डबा फळीवर आपटला.

"पोरीला मी पाचोडला नेऊन ठेवतेय. कुणाला दाखवायला मी तिला नेऊ देणार नाय. तुम्ही जा आन् बुडा समुद्रात."

"कुणाला दाखवायला?"

"ते तुम्हीच सांगा. कोण हाय कोकणातला? दुबईला असतो का? दमट हवेत तिकडं कूलर चालत नाय, तुमचं एक गिऱ्हाईक नाय तिकडं. मग 'मुलीला घेऊनच येतोय' कुणाला सांगत होता? मी ऐकलंय सगळं."

नवाब उठला आणि त्यानं चालू कूलर बंद केला. भर बाजाराच्या वेळी त्यानं असं कधी केलं नव्हतं. घाम पुसत म्हणाला, "अगं बये, पोरीला कुणाला दाखवायचं नाही. पोरीला कॉलेज दाखवायचंय."

आणि मग एकेक बाहेर पडलं. रत्नागिरीला माशांचं शास्त्र शिकवणारं सरकारी कॉलेज होतं. चार वर्षांची पदवी. मुबश्शिरानं तेच मनात धरलं होतं. फोनवर बोलत होती ती तिथल्या मुलींच्या हॉस्टेलची बाई. वासिफला सगळं ठाऊक होतं, ड्रेसचं कापडही कॉलेजात जाताना घालायलाच होतं.

"मग मला का नाय सांगितलं?"

"तुला?" नवाब चाचरला. "गेल्या वर्षी तिनं नुसतं पुण्याचं नाव काढलं, तर तू काय म्हणालीस? 'शहराबाहेर, पडेगावच्या पलीकडं पोरीला एकटीला पाठवणार नाय.' मग किती दिवस अबोला धरला होतास. म्हणून म्हटलं, आधी समुद्र दाखवू, तू जरा खुशीत येशील, मग तीच तुला विचारेल. तुझ्या अब्बांनी नाही का तुला मकबऱ्यात आणलं? आधी सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस. आणि बघ, किती चांगलं झालं."

हे त्यानं अगदी भोळेपणानं सांगितलं. ज्या पोरीला वाचवायला ती तावातावानं उन्हातान्हात आली होती, ती पोरगी तिच्यापासूनच लपत होती. याची तिला लाज वाटली आणि रागही आला, कुठला आधी ते तिलाच कळेना.

"चांगलं झालं, कारण तुम्ही चांगले निघालात," ती म्हणाली. "निघाला नसतात तर? मला त्या दिवशी लई राग आला होता. अजून हाय. तुम्ही ती गोष्ट सांगता आन् मी हसते. आता नका सांगत जाऊ. आन् आता तुम्ही बी मला न सांगता सैरीला घेऊन निघालात."

दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून, हातातलं गवत तसंच टाकून, नवाब तिच्या मागोमाग घरी आला.

मुबश्शिरा पुढच्या खोलीत होती. अम्मीला सगळं कळलंय, हे तिला चेहरा बघूनच समजलं.

"काय विचारायचंय ते इथं विचार," आबेदा म्हणाली. "समुद्राकाठी नको. आन् अब्बूंकडं बघू नको, माझ्याकडं बघ."

मुबश्शिरानं तिच्याकडं बघितलं. "अम्मी, मामूंच्या शेततळ्यातले मासे मागं एका उन्हाळ्यात मेले, आठवतं? सकाळी सगळे पांढरे होऊन वर आले होते. मामू सगळ्यांना विचारत फिरले, का मेले ते कुणालाच सांगता आलं नाही. मला ते शिकायचंय. मी जाऊ का?"

नाय हा शब्द आबेदाच्या जिभेवर तयार होता. पोरगी चार वर्षं लांब राहणार, ताप आला तर कोण बघणार, मन नुसतं नाय नाय म्हणत होतं. पण समोर कुणीतरी तिच्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट बघत होतं. असं तिच्या आयुष्यात फार वेळा झालं नव्हतं.

"मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं ना," ती सावकाश म्हणाली, "तर मी व्हयच म्हणाले असते. फक्त डी.एड. होऊ द्या, म्हणाले असते."

नवाब दारात चपला हातात घेऊन उभा होता. त्यानं मान खाली घातली.

"हॉस्टेल मी बघणार," आबेदा मुबश्शिराला म्हणाली. "मला पसंत पडलं तर जायचं. आन् तुम्ही, तिकिटं दोघींचीच काढा. मे महिन्यात कूलरवाल्यानं दुकान सोडायचं नसतं."

"आणि मी?" वासिफ आतून ओरडला. "मला समुद्र बघायचा होता."

"तू अब्बूंबरोबर गवत भर. सगळं ठाऊक असून गप्प बसलास ना, आता बस."

मुबश्शिरा अजून तिथंच उभी होती. हळूच म्हणाली, "अम्मी, तुला पसंत नाही पडलं तर?"

"तर तिथंच तुझ्या तोंडावर सांगेन, आन् का ते बी सांगेन. मग तू माझ्याशी भांड. पण तुला न सांगता परत आणणार नाय."