नऊ फेऱ्या

महेंद्रने फलकावरच्या प्रोग्रामच्या तिसऱ्या ओळीतले प्लस बोटाने मोजले. आठ. चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा मोजले. आठच. शेजारी मराठीत लिहिलं होतं, 'इथून नऊ फेऱ्या मारा'.

आठ फेऱ्यांनी पडद्यावर इंग्रजीत तानसा तलावाचं नाव उमटतं. नववी मारली तर नुसता कचरा. म्हणजे प्लस बरोबर, शेजारचं स्पष्टीकरण चूक. आणि ती चूक त्याची स्वतःची होती. आपलं हस्ताक्षर ओळखावं तशी त्याने ती ओळखली. फलकाखाली नाव मात्र सुनिलचं होतं.

शहापूरला शिक्षकांच्या प्रकल्पांची स्पर्धा होती आणि महेंद्र मुरबाडहून एसटीने मित्राचं कौतुक करायला आला होता. धसईच्या शाळेत एका बाकावर बसलेले हे दोघे आता दोन तालुक्यांत अकरावीला संगणक शिकवत. दिवाळीच्या सुट्टीत घरचे फराळ करत असताना महेंद्रने एका विचित्र भाषेत प्रोग्राम लिहिला होता. त्या भाषेत आठच चिन्हं. बाकी काहीही लिहा, यंत्र तिकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून प्रत्येक ओळीशेजारी त्याने पोरांसाठी समजावून लिहिलं होतं, या पेटीवर बोट ठेवा, तिच्यात एवढे टाका, आता पुढच्या पेटीकडे सरका. पूर्णविराम आणि स्वल्पविराम त्या आठ चिन्हांतलेच असल्यामुळे अख्ख्या लिखाणात एकही येऊ दिला नव्हता. 'जरा तपासून दे' म्हणत ते सगळं त्याने सुनिलला पाठवलं. सुनिलने उत्तरादाखल नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवलं होतं.

कल्याणहून आलेल्या परीक्षक बाई फलकापुढे बराच वेळ थांबल्या होत्या.

"विराम नसलेली ही भाषा! यात एक कविता आहे," त्या माइकवर म्हणाल्या. "पहिला क्रमांक. जिल्ह्यालाही हाच जाईल. सर, सुचलं कसं?"

"पोरांना समजत नाय ना मॅडम, ते बघवत नाय," सुनिल म्हणाला.

हे वाक्यही महेंद्रचंच होतं.

"कुणाला काही विचारायचंय?"

महेंद्र उभा राहिला. त्याला बरंच काही बोलायचं होतं. चाळीस खुर्च्या वळल्या आणि त्यातलं एवढंच बाहेर पडलं:

"तिसऱ्या ओळीत नऊ फेऱ्या लिहिल्यात. प्लस आठच आहेत. ही चूक कुणाची, सर?"

सुनिलला त्याने आयुष्यात पहिल्यांदाच सर म्हटलं होतं.

सुनिलने फलकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मुद्दाम ठेवलेय ती," तो हसून म्हणाला. "समजावून लिहिलेलं कोण खरंच वाचतं का, ते बघायचं होतं. सकाळपासून वाट बघत होतो. आज एक माणूस भेटला."

टाळ्या पडल्या. बाईंनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

"वा! या, तुम्ही वर या. असे जागरूक शिक्षक हवेत आपल्याला."

महेंद्रचे पाय त्याला विचारल्याशिवाय व्यासपीठावर गेले. कुणीतरी हातात गुलाब दिला. देठ ओला होता आणि दोरा सुटत आला होता. तो गुंडाळण्यात त्याला थोडा वेळ घालवता आला. फोटोवाल्याने दोघांना जवळ सरकवलं. सुनिलचा हात सवयीने त्याच्या खांद्यावर पडला, शाळेच्या फोटोत पडायचा तसाच.

"वाचवलंस रे," सुनिल ओठ न हलवता पुटपुटला. "बोलणार होतो तुला, टाइमच नाय भेटला. रागावलास काय?"

महेंद्र देठाचा दोरा गुंडाळत राहिला.

"सर, इकडे बघा जरा," फोटोवाला म्हणाला.

"ऐक ना," सुनिल तसाच पुटपुटला. "परवा जिल्ह्याला द्यायचाय. हे नीट करून टाकतो. काय करू, नऊचे आठ लिहू, का वर एक प्लस वाढवू?"

महेंद्रने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. नुसती अडचण होती, आणि ती आता सुटणार याची पूर्ण खात्री. दोन महिन्यांत सुनिलने तो प्रोग्राम एकदाही वाचला नव्हता.

"प्लस वाढव," महेंद्र म्हणाला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला.